तुपात तळा, साखरेत घोळा : हमखास कडू कॉफीची कृती

काळी कॉफी कडू करणे कुणालाही जमते. त्यात कसब नाही. खरा कस लागतो तो पुढे. कपात तीन हिस्से दूध, वर दोन चमचे साखर, आणि तरीही पहिल्याच घोटाला पिणाऱ्याचे तोंड वाकडे झाले पाहिजे. ज्यांनी नुकतेच घरी एस्प्रेसोचे यंत्र आणले आहे आणि ओट्यावर त्याला जागा करण्यासाठी पोळपाट-लाटणे हलवले आहे, त्यांना हे बहुधा पहिल्याच सकाळी साधते. पण नशिबाने साधणे वेगळे आणि रोज, न चुकता, पाहुण्यांसमोर साधणे वेगळे. त्यासाठी थोडे शास्त्र अंगी मुरावे लागते.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे बहुतेकांची या पेयाशी पहिली भेट मंगल कार्यालयात झालेली असते. जेवणे उरकली की कोपऱ्यातले स्टीलचे उंच यंत्र फुसफुसू लागते. पेल्यात इन्स्टंट कॉफी, साखर, दूध, नळीतून सोडलेल्या वाफेने आलेला फेस आणि वर चिमूटभर चॉकलेट पावडर. तिला सगळे ‘एक्स्प्रेसो’ म्हणतात, आणि ती छान गोड असते. त्या यंत्राचे काम मात्र दूध तापवण्यापुरतेच. इटलीतल्या एस्प्रेसोत बारीक दळलेल्या पुडीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी साधारण ९ बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपट जोराने, ढकलतात. दोन्हींत नाव सोडले तर सामाईक काही नाही. पण घरच्यांच्या जिभेवर कार्यालयातली चव बसलेली आहे आणि तुमचा पहिला लाटे, म्हणजे दुधातला एस्प्रेसो, तिच्याशीच तोलला जाणार. बाबा एक घोट घेऊन विचारतील, “कॉफी आहे का काढा?” नाउमेद होऊ नये. आपल्याला हीच दाद हवी आहे.

साहित्य

बिया घेताना सर्वांत काळ्या, तेलाने चमकणाऱ्या घ्याव्यात. दुकानदाराने “दुधात चालेल अशी हवी का?” असे विचारले, तर “स्ट्राँग हवी” एवढेच सांगावे. ‘स्ट्राँग’ या शब्दात कडक, कडू, दाट आणि झोप उडवणारी असे चारही अर्थ येत असल्याने तो आपल्या हाती हमखास सर्वांत जास्त भाजलेला माल ठेवतो.

पुष्कळांचा समज असा की कडूपणा म्हणजे कॅफीन. तो मनातून काढावा. कॅफीन काढून टाकलेली कॉफी पिऊन पाहिली तर तीही जवळजवळ तितकीच कडू निघते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले थॉमस हॉफमान आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली मांडलेल्या कामानुसार कॉफीच्या कडूपणात कॅफीनचा वाटा साधारण १५ टक्केच. बाकीचा कडूपणा भट्टीत तयार होतो. कच्च्या हिरव्या बियांत क्लोरोजेनिक आम्ले असतात. मध्यम भाजले की त्यांची लॅक्टोने होतात. त्यांचा कडूपणा सभ्य असतो, येतो आणि जातो. आणखी भाजत राहिले की लॅक्टोने मोडून फिनिलइंडेन नावाची मंडळी तयार होतात, आणि ही मंडळी घशात ठाण मांडून बसतात. आपल्याला हीच हवीत. बी काळी होईपर्यंत भाजणाऱ्याने आपले निम्मे काम आधीच केलेले असते. दूध-साखर फार नंतर येते.

रोबस्टाबद्दल दोन शब्द. तिच्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन आणि क्लोरोजेनिक आम्लेही जास्त, त्यामुळे आपल्या कामाला ती सोयीची. पण तिला सरसकट नावे ठेवणाऱ्यांची संगत धरू नये. भारतात अरेबिकापेक्षा रोबस्टाच जास्त पिकते, इटली भारतीय कॉफीचे फार मोठे गिऱ्हाईक आहे, आणि कोडगू-वायनाडच्या रोबस्टाने इटालियन कपावरच्या फेसाला, म्हणजे क्रेमाला, कितीतरी वर्षे दाटपणा दिला आहे. चांगली धुतलेली, बेताने भाजलेली रोबस्टा दुधात फार छान लागते. म्हणून तसली टाळावी.

चिकोरी मिसळलेली पूड मिळाली तर दुधात साखर. पाकिटावर बारीक अक्षरांत कॉफी आणि चिकोरी यांचे टक्के छापलेले असतात. नियमाप्रमाणे कॉफी किमान ५१ टक्के लागते, म्हणजे उरलेल्या ४९ टक्क्यांपर्यंत भाजलेले मूळ असू शकते. दाक्षिणात्य पितळी फिल्टरमध्ये, थेंबथेंब उतरणाऱ्या डिकॉक्शनमध्ये, ही चिकोरी आपले काम नेकीने करते. ९ बारखाली तिला घालण्याचा विचार तिच्या जन्मदात्यांनी केला नव्हता. तो आपण करावा.

भाजल्याची तारीख पाकिटावर असेल तर ते परत ठेवावे. फक्त ‘यापूर्वी वापरा’ असे लिहिलेले घ्यावे. भाजून महिनोन्‌महिने झालेल्या बियांचा सुगंध उडून गेलेला असतो, कडूपणा मात्र जागचा हलत नाही.

दळण

यंत्राला भारी किंमत मोजून झाल्यावर ग्राइंडरला पैसे उरत नाहीत, हे बरेच. घरात मिक्सर आहेच. लसणाची चटणी वाटलेले छोटे भांडे घ्यावे, त्यात बिया टाकाव्यात आणि आवाज नकोसा होईपर्यंत फिरवावे. मिक्सरचे पाते कापत नाही, फोडते. परिणामी निम्मे पीठ, निम्मा रवा आणि मध्ये चार-दोन अख्ख्या फाका. गरम पाणी या मिश्रणावर आले की पिठातले सगळे बरे-वाईट उतरून घेते आणि रव्याला नुसते भिजवून पुढे जाते. त्यामुळे एकाच कपात करपट कडू आणि कच्चट आंबट दोन्ही मिळतात, जे चांगल्या ग्राइंडरने प्रयत्न करूनही जमत नाही.

पूड हँडलमधल्या जाळीत भरताना एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी, असे अंदाजपंचे भरावे आणि एकाच कडेने दाबावे. पाणी आळशी असते. जिथे पूड सैल, तिथून ते भोक पाडून धावते. त्या भोकाच्या काठची पूड पार पिळून निघते, बाकीची कोरडीठाक राहते. कॉफीवाले याला चॅनलिंग म्हणतात.

कृती

आता मुख्य भाग. इथे सावकाश वाचावे, कारण घरोघरी कडूपणा येतो तो बहुतेक इथूनच, आणि त्याचे कारण आपला एक थोर गुण आहे. आपल्याला काही वाया गेलेले बघवत नाही.

पद्धत सांगते की १८ ग्रॅम पूड घ्या, २५ ते ३० सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम अर्क काढा आणि थांबा. नवशिक्या कपात डोकावतो. तळाशी जेमतेम अडीच मोठे चमचे काळसर द्रव. एवढ्या मोठ्या यंत्रातून एवढेसे? मागून आई म्हणते, “अरे, अजून येतंय की! बंद काय करतोस?” इथेच आईचे ऐकावे. बटण दाबलेले राहू द्यावे. धार आधी गडद तपकिरी, मग मधाच्या रंगाची, मग फिकट पिवळी, मग नुसते गढूळ पाणी. कप काठोकाठ भरला की समाधानाने थांबावे.

या दरम्यान काय घडते? पुडीतली द्रव्ये एका वेळी उतरत नाहीत. आधी आम्ले आणि फळांसारखा वास, मग गोडसर, कॅरमलच्या अंगाची चव, आणि शेवटी जड, कडू, तुरट मंडळी. पुडीचा फार तर ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. बाकी सारा लाकडासारखा चोथा. त्यातले १८ ते २२ टक्के उतरले की थांबावे असे जाणते म्हणतात. म्हणजे तुम्ही हट्टाने जे शेवटचे आठ-दहा टक्के वसूल करता, ते पिण्यासारखे नसतातच. पण पैसे त्यांचेही दिलेले असतात ना! आणखी उत्साह असेल तर तोच चोथा न काढता त्यावर पुन्हा एकदा पाणी सोडावे. पाहुणा आयत्या वेळी वाढला की चहाच्या भांड्यात पुन्हा पाणी ओतून उकळणाऱ्या घराण्यात हे आपसूक घडते.

ज्यांच्याकडे यंत्र नाही, गॅसवरचा मोका पॉट आहे, त्यांनीही मागे राहू नये. अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून १९३३ साली निघालेले हे अॅल्युमिनियमचे अष्टकोनी भांडे दीड-दोन बारच दाब देते, पण कडूपणात कुणाला हार जात नाही. वर कॉफी येऊन खुळखुळ आवाज सुरू झाला की उतरवायचे असते, कारण त्यानंतर पुडीतून पाणी नाही, वाफ जाते. आपण मात्र कुकरप्रमाणे शिट्टीची वाट पाहावी. शिट्टी होणार नाही. तरी पाहावी. वाफेने करपलेल्या या चवीला इटलीतले लोक कंटाळले होते म्हणूनच तर मिलानच्या आकिले गाज्जा यांनी वाफेऐवजी गरम पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट १९३८ साली मागितले, आणि युद्धानंतर त्यांच्या दांड्याच्या यंत्रातून पहिल्यांदा क्रेमा निघाली. एका माणसाने आयुष्य घालवून काढलेला दोष आपण मंद आचेवर दहा मिनिटांत परत आणू शकतो.

आणि हो, चव घेताना गल्लत करावी. आपल्या जिभेला आंबट, कडू आणि तुरट वेगवेगळे ओळखता येतात. कैरी कोणती, मेथी कोणती आणि कच्चे केळे कोणते हे डोळे मिटूनही कळते. पण कॉफीसमोर बसले की सगळ्याला सरसकट ‘कडू’ म्हणण्याची रीत आहे. ती पाळावी. कारण औषधे उलटी आहेत. आंबट लागली तर अर्क कमी उतरला, पूड आणखी बारीक हवी. कडू किंवा जीभ कोरडी पाडणारी तुरट लागली तर जास्त उतरला, पूड जाड हवी, नाहीतर लवकर थांबायला हवे. आंबट कॉफीला कडू समजून पूड जाड केली की ती आणखी आंबट होते, मग चिडून एकदम पिठासारखी बारीक करावी. अशा रीतीने दोन आठवडे सहज जातात.

दूध

आता दुधाकडे. इथे नवशिक्याला वाटते की दूध पडले की सगळे झाकले जाईल. काही अंशी खरे आहे. दुधातली केसीन नावाची प्रथिने कॉफीतल्या पॉलिफिनॉलांना धरून ठेवतात, त्यामुळे तुरटपणा बराच मवाळ होतो. स्निग्धांश जिभेवर पसरतो. दुधाच्या प्रथिनांमुळे आंबटपणाची धारही बोथट होते. म्हणजे बघा, तुरट गेले, आंबट गेले, फळाफुलांचा वास दुधाच्या वासात बुडाला. भरमसाट उतरवलेला कडूपणाही थोडा कमी झाला, पण त्याला तोलून धरणारे बाकीचे सगळे उठून गेले. काळ्या कॉफीत जो चारचौघांत बसला होता तो आता दुधात एकटाच बोलतो. म्हणूनच काळी पिताना ठीक लागलेली कॉफी दुधात कधीकधी जास्त कडू वाटते, आणि माणूस गोंधळून दूध वाढवतो. दूध वाढवले की ती पाणचट होते, कडू राहतेच.

दुधाच्या स्वतःच्या गोडीवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी हिशेब देतो. गाईच्या १५० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असते, पण लॅक्टोजची गोडी साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढीच. म्हणजे जिभेला ते जेमतेम सव्वा ग्रॅम साखरेइतके. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड, त्यामुळे कडूपणा उघडा पाडायचा तर डबल टोन्ड घ्यावे.

ते खळखळून उकळावे, दोनदा उतू घालवावे. ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापवलेले दूध सर्वांत गोड लागते, ७०च्या पुढे त्यातली प्रथिने उलगडून उकळलेल्या दुधाचा, किंचित गंधकाचा वास सुटतो. आपल्याकडे कच्चे दूध उकळून घेणे भागच असते आणि ते योग्यच आहे. पण पाश्चराइज केलेली पिशवीही उकळावी, साय काढावी, पुन्हा उकळावी, मग वाफेच्या नळीने तिसऱ्यांदा उकळावी.

गोडी

साखर वापरत असाल तर ती घालून ढवळू नये. तळाशी बसू द्यावी. पहिले तीन-चार घोट निर्भेळ कडू, शेवटचा नुसता पाक. कोल्ड कॉफीत हे आणखी सोपे जाते, कारण थंड द्रवात साखर नीट विरघळत नाही, शिवाय जिभेला थंड पदार्थाची गोडी कमी जाणवते. वितळलेले आइस्क्रीम असह्य गोड का लागते, ते यावरून कळावे. गरम लाटेला पुरणारी साखर बर्फातल्या लाटेला पुरत नाही, आणि कडूपणा मोकळा होतो.

साखर मुळात करते काय? कडू रेणूंना ती हात लावत नाही. त्यांना विरघळवत नाही, मोडत नाही, बांधत नाही. कपात दोन चमचे साखर पडली तरी कडू रेणू तेवढेच आणि तसेच. गोड आणि कडू असे दोन्ही निरोप एकदम आले की मेंदू गोडाला पुढे घेतो आणि कडवा आवाज दाबतो, एवढेच. पण कडव्याची बाजू मोठी आहे. आपल्या शरीराकडे कडू ओळखण्यासाठी सुमारे २५ प्रकारचे संवेदक आहेत, गोडासाठी मुख्यतः एकच जोडी. रानातल्या विषारी पानांपासून वाचण्यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. दोन चमच्यांनी ती हटत नाही.

मात्र ज्यांच्या घरी साखरेऐवजी गोळ्या किंवा थेंब येतात, त्यांना या मार्गदर्शिकेची गरजच नाही, असे खाजगीत सांगतो. सॅकरिन आणि एसेसल्फेम-के ही दोन्ही गोड संवेदकांबरोबरच काही कडू संवेदकांनाही डिवचतात. ते संवेदक कुणाचे किती तल्लख हे जनुकांवर ठरते, म्हणून एकाच डब्यातली गोळी नवऱ्याला गोड आणि बायकोला कडसर लागते, आणि दोघेही खरे बोलत असतात. स्टीव्हियाच्या पानांतल्या द्रव्यांचेही तसेच. म्हणजे कडू कॉफी गोड करायला आपण कडू घालतो. त्यात पुन्हा स्टीव्हियाच्या गोडव्याची चाल मंद. साखर जिभेवर लगेच बोलते, हा उशिरा येतो आणि मग जाता जात नाही. मधल्या फटीत कॉफीचा कडूपणा सगळे मैदान मारतो. अॅस्पार्टेम तर उकळत्या द्रवात फार वेळ ठेवले की मोडते आणि त्याची गोडी जाते, त्यामुळे गोळी दुधातच टाकून गॅसवर उकळावी.

सुक्रालोज मात्र शक्यतो टाळावे; ते उष्णतेत टिकते आणि चवीला साखरेच्या बऱ्यापैकी जवळ जाते. त्याच्या शोधाच्या कथेत आपले एक फडणीस आहेत. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांनी क्लोरिन जोडलेल्या साखरेचे एक संयुग तपासून बघायला सांगितले, शशिकांत फडणीस यांना ते चाखून बघ असे ऐकू आले, आणि त्यांनी चाखले. ते साखरेच्या सुमारे ६०० पट गोड निघाले. प्रयोगशाळेतली अनोळखी पावडर जिभेवर ठेवण्याचे धैर्य सर्वांनी दाखवू नये.

गूळ घालणाऱ्यांनी तो उकळत्या दुधातच टाकावा. दूध फाटले की कॉफी कडू आहे की नाही, हा प्रश्न उरत नाही.

टीप

एक धोका सांगून ठेवतो. कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीत तूप आहे, साखर आहे. मीठ नाही. पण कारल्याची भाजी करणारी प्रत्येक बाई चकत्यांना आधी मीठ चोळते आणि पिळून ठेवते. म्हण रचणाऱ्याने स्वयंपाकघरात डोकावले नसावे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतले ब्रेस्लिन आणि बोशाम्प यांनी १९९७ साली दाखवले की सोडियम कडूपणाला दाबते, आणि कडू दबले की त्याखालची गोडी आपोआप वर येते. म्हणजे कपभर कॉफीत मिठाचे चार कण, खारट न लागण्याइतके, पडले तर दोन चमचे साखरेला जे जमले नाही ते होऊन बसेल. तेव्हा मिठाचा डबा यंत्रापासून दूर ठेवावा. आजी कॉफीत जायफळ किसायला आली तर मात्र अडवू नये; जायफळाने कडूपणा कमी होत नाही, फक्त तक्रार करणाऱ्याला झोप येते, अशी घरोघरी श्रद्धा आहे.

शेवटचे आणि सर्वांत सोपे काम म्हणजे यंत्र न धुणे. कॉफीत तेल असते. ते जाळीला, हँडलला आणि पाणी जिथून खाली येते त्या चकतीला चिकटते, तापते, खवट होते आणि उद्याच्या ताज्या कॉफीत उतरते. मोका पॉटला साबण लावला की त्याची ‘चव जाते’ असे सांगणारे लोक भेटतील, त्यांना मान द्यावा. दुधाची नळी पुसू नये. हँडल दुसऱ्या दिवशीपर्यंत चोथ्यासकट तसेच लटकत ठेवावे. महिनाभरात यंत्र असे तयार होते की त्यात कोणतीही बी घाला, कितीही मोजून अर्क काढा, फरक पडत नाही.

इतके सगळे करूनही एखाद्या सकाळी कॉफी चांगली लागलीच, तर रात्री कुणीतरी यंत्र धुतले आहे. आधी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारावे.